बाहुल्यांचीं दस्तकें : सन १९२७ च्या एका देवघेवीवरून संग्राहकांस कांहीं सूचना

[ १ ]

बाहुली हा मुलांच्या खेळांतला पदार्थ; त्याची चर्चा संशोधकांच्या त्रैमासिकांत कशाला, असें कोणी विचारील तर त्यास आम्ही दोष देणार नाहीं. ताम्रपट, शिक्के, महजर व बखरी यांच्या पंक्तीस बाहुलीचा पाट मांडणें हें प्रथमदर्शनीं विक्षिप्तपणाचेंच दिसतें. परंतु देशोदेशींच्या पोषाखांतील जुन्या बाहुल्या जमविण्याचा छंद युरोप, अमेरिका व जपान येथें चांगलाच रुजलेला आहे आणि आपल्याकडेहि त्याचें बीज पडलें आहे. तेव्हां या वस्तूंकडे इतिहासाचें साधन या दृष्टीनें पाहण्यास हरकत नसावी. साधन म्हटलें म्हणजे प्रश्न ठरलेलेच आहेत : ही वस्तु कोणाची, कोठली, केव्हांची, आणि हें सांगतो कोण ?

पोथ्या जमविणारास हे प्रश्न नवे नाहींत. शेवटचें पान गेलेली पोथी हातीं आली म्हणजे लेखक कोण, शक कोणता, कोणत्या गांवीं लिहिली, हें सर्व अक्षरावरून व कागदावरून तर्कानें बसवावें लागतें. दप्तराच्या रुमालांतून सुटलेला मोडी कागद एरव्हीं कितीहि बोलका असो, तो कोणत्या घराण्याचा हें न कळल्यास अर्धा मुका होतो. पोषाखी बाहुलीची गत हुबेहूब अशीच आहे. बाजारांत एक बाहुली येते. अंगावर भरतकामाची चोळी, डोकीस मण्यांचा मुकुट. विकणारा म्हणतो, ही हंगेरीची नवरी. हें त्यास कोणीं सांगितलें ? बहुधा ज्यानें त्यास विकली त्यानें. अशा परंपरेस आपण पोथीच्या बाबतींत प्रमाण मानीत नाहीं; बाहुलीच्या बाबतींत मात्र बेलाशक मानतों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अशा बाहुलीचें ऐतिहासिक मोल तिच्या मुखड्यांत व रेशमांत जेवढें असतें त्याहून अधिक तिच्याबरोबर आलेल्या कागदांत असतें. आणि वस्तु व कागद यांची फारकत करणारा संग्राहक, मग तो कितीहि प्रेमळ असो, साधनाचा नाश करतो. हें म्हणणें सिद्ध करण्यास जपान व अमेरिका यांच्यामध्यें १९२७ सालीं झालेल्या बाहुल्यांच्या देवघेवीइतकें चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें माहीत नाहीं. त्यापूर्वीं, कागद जपला म्हणजे काय साधतें याचें एक लहानसें उदाहरण देतों.

[ २ ]

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या बाळपणींच्या १३२ लहान लांकडी बाहुल्या प्रसिद्ध आहेत. बाहुल्या म्हणून त्या अगदीं सामान्य; बाजारांत स्वस्त मिळणाऱ्या जातीच्या. पण राजकन्येनें व तिच्या शिक्षिका बॅरोनेस लेहझेन यांनीं मिळून त्यांस कपडे शिवले, कित्येकींस त्या वेळच्या रंगभूमीवरील नर्तकी व गायिका यांच्या भूमिकांचे पोषाख चढविले, आणि एका वहींत त्यांची यादी केली. बाहुलीचें नांव काय, ती कोणत्या भूमिकेंतील, तिचे कपडे कोणीं शिवले, हें त्या यादींत आहे. म्हणूनच १३२ पैकीं ३२ बाहुल्या स्वतः राजकन्येनें सजविल्या हें आज सांगतां येतें. पुढें १८९४ सालीं फ्रान्सिस लो या लेखिकेनें या बाहुल्यांवर एक पुस्तकच लिहिलें. ती यादी नसती तर त्या पुस्तकांत चित्रें राहिलीं असतीं, इतिहास राहिला नसता. चौदा वर्षांच्या आंतील एका मुलीची वही इतकें काम करूं शकते, हें आपल्या थोर संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

[ ३ ]

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. १९२४ सालीं अमेरिकेनें परदेशीयांच्या आगमनासंबंधीं जो कायदा केला त्यानें जपानी लोकांस तेथें वसाहतीसाठीं जाण्याची वाट बंद झाली. जपानांत याचा फार विषाद वाटला. सिडनी ल्यूइस ग्युलिक हे अमेरिकन मिशनरी १८८८ पासून १९१३ पर्यंत जपानांत राहिलेले. त्यांस ही तेढ पाहवेना. मोठ्यांच्या मनांतील अढी जात नसेल तर निदान मुलांच्या मनांत ती बसूं नये, अशा विचारानें त्यांनीं मुलांच्या जागतिक मैत्रीसाठीं एक समिति उभी केली आणि अमेरिकन मुलांनीं जपानी मुलांस बाहुल्या पाठवाव्यात अशी योजना मांडली.

मुहूर्त धरला तो ३ मार्च १९२७ चा. त्या दिवशीं जपानांत हिनामात्सुरी नांवाचा मुलींचा सण असतो. घरोघरीं पायऱ्यांची उतरंड करून तीवर तांबडें वस्त्र अंथरतात व राजा, राणी आणि त्यांचे सेवक अशा बाहुल्या मांडतात. आपल्याकडील चैत्रगौरीची आरास ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ही मांडणी सहज डोळ्यांपुढें आणतां येईल. अशा सणाच्या वेळीं पाहुणी म्हणून बाहुलीच यावी, ही कल्पना योजकाच्या जपानांतील दीर्घ वास्तव्याची साक्ष देते.

बाहुल्यांविषयीं नियम ठरले होते. बाहुली नवी असावी, निजविली असतां तिचे डोळे मिटावेत, तिच्यांतून ‘ममा’ असा आवाज निघावा. उंची सुमारें १५ इंच. अंग बहुधा लांकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याचें. कपडे मात्र पाठविणाऱ्या मुलींनीं, त्यांच्या आयांनीं, शाळांनीं व मंडळांनीं आपापल्या हातानें शिवलेले. अशा १२,७३९ बाहुल्या १९२७ च्या आरंभीं जपानांत पोंचल्या. तेथें त्यांच्या स्वागतासाठीं झालेल्या समितीचे प्रमुख व्हायकाउंट शिबुसावा एईची हे होते. जपानच्या नव्या उद्योगधंद्यांचा पाया घालणारे हे गृहस्थ तेव्हां ऐंशी वर्षांच्या पुढें गेलेले होते. टोकियोंत समारंभ होऊन बाहुल्या देशभरच्या प्राथमिक शाळांत व बालकमंदिरांत वांटल्या गेल्या.

आमच्या दृष्टीनें या सर्वांत महत्त्वाची बाब निराळीच आहे. प्रत्येक बाहुलीबरोबर एक पासपोर्ट, एक प्रवासाचें तिकीट व एक पत्र दिलेलें होतें. पासपोर्टावर तिचें नांव. आपल्या जुन्या दप्तरांत वाटेवरील चौक्यांस उद्देशून लिहिलेलीं दस्तकें आढळतात, कीं अमका इसम अमुक ठिकाणीं जात आहे, त्यास अडथळा न करणें. हा पासपोर्ट त्याच जातीचा. तो खेळांतला असला तरी त्यामागचा विचार खेळाचा नव्हता. ज्या देशानें जपानी माणसास दार लावलें त्या देशाची बाहुली रीतसर कागद घेऊन जपानच्या दारांत उभी राहिली, हा त्यांतील अर्थ. संशोधकास मात्र त्याचा उपयोग याहून साधा आहे. या कागदामुळें १२,७३९ सारख्या दिसणाऱ्या वस्तूंपैकीं प्रत्येक वस्तु एकटी व ओळखण्याजोगी झाली.

[ ४ ]

जपाननें उतराई होण्यास विलंब लावला नाहीं. शाळांतील सुमारें सव्वीस लाख मुलींनीं एकेक सेन वर्गणी दिली आणि तीतून ५८ बाहुल्या तयार झाल्या. या अमेरिकन बाहुल्यांच्या मानानें फारच मोठ्या. उंची सुमारें ३२ इंच. किरी नांवाच्या हलक्या लांकडाचा भुसा व गव्हाची खळ यांच्या लगद्याचा देह, त्यावर गोफुन म्हणजे शिंपांच्या पांढऱ्या चुन्याचे घोटीव थर, अंगावर रंगीत रेशमी किमोनो. बरोबर प्रत्येकीचा संसार : लाखेच्या कामाच्या पेट्या, चहाचीं भांडीं, दिवे, छत्र्या, पादत्राणें. बाहुल्या निवडण्यासाठीं टोकियोच्या कारागिरांत चढाओढ लावण्यांत आली. तींत पहिला आलेला हिराता गोयो हा त्या वेळीं अवघा चोवीस वर्षांचा होता, आणि पुढें १९५५ सालीं जपान सरकारनें त्याच्या कलेचा मोठा सन्मान केला.

५८ हा आंकडा कसा बसतो हें पाहण्यासारखें आहे. प्रांत ४७, मोठीं शहरें ६, जपानच्या ताब्यांतील बाहेरचे मुलूख ४, आणि सर्व राष्ट्राच्या वतीनें १, एकूण ५८. ते चार मुलूख म्हणजे कोरिया, फोर्मोसा, काराफुतो व क्वांटुंग. १९४५ नंतर यांपैकीं एकहि जपानच्या ताब्यांत राहिला नाहीं. म्हणजे या बाहुल्यांची नामावली हाच १९२७ च्या जपानी साम्राज्याचा एक नकाशा आहे, आणि तोहि नकाशा काढण्याचा कोणाचा हेतु नसतां तयार झालेला. हेतूवांचून दिलेली साक्ष अधिक विश्वासार्ह, हें आपल्या शास्त्रांतलें सूत्र येथें पुरेपूर लागू पडतें.

१० नोव्हेंबर १९२७ रोजीं ‘तेन्यो मारू’ या बोटीनें या बाहुल्या निघाल्या व त्याच महिन्याच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोस पोंचल्या. पुढें त्यांनीं अमेरिकेंत गांवोगांव दौरा केला आणि नंतर त्या निरनिराळ्या राज्यांतील संग्रहालयांस व ग्रंथालयांस वांटून दिल्या. राष्ट्राची बाहुली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत गेली. क्योतो शहराची बोस्टनच्या बालसंग्रहालयांत.

येथें घोटाळा झाला. दौऱ्यांत प्रत्येक मुक्कामीं बाहुल्या पेट्यांतून काढावयाच्या, मांडावयाच्या, पुन्हां भरावयाच्या. नांवाची पाटी बाहुलीवर नव्हती. ती जिच्यावर बाहुली उभी करीत त्या बैठकीवर होती. भरणाऱ्यांस जपानी वाचतां येत नव्हतें. बैठका बदलल्या, सामानाचे डाग एकीचे दुसरीकडे गेले. परिणाम असा झाला कीं, कित्येक बाहुल्या आज दुसऱ्याच प्रांताचें नांव धारण करून आहेत. अलीकडे अभ्यासकांनीं निघण्यापूर्वींचीं छायाचित्रें, किमोनोवरील कुलचिन्हें व सामानावरील चिन्हें ताडून पाहिलीं, तेव्हां हा प्रकार उघडकीस आला.

बैठकीवरचें नांव व बाहुली हीं वेगळीं होऊं शकतात, एवढी एक गोष्ट मांडणाऱ्यांच्या ध्यानांत आली असती तर हा घोटाळा टळता. पोथीवर चिठ्ठी चिकटवण्याऐवजीं ती फळीवर चिकटवणाऱ्या ग्रंथपालाची ही चूक आहे.

आतां पुढील प्रश्न असा कीं, चूक कळल्यावर काय करावें ? एखाद्या गांवानें नव्वद वर्षें एका बाहुलीस एका नांवानें हांक मारली, तिच्या नांवानें त्या प्रांताशीं पत्रव्यवहार केला, तेथून पाहुणे आले. आणि आतां तें नांव तिचें नव्हे असें ठरलें. जुनी पाटी काढून नवी लावणें हा सोपा मार्ग; आमच्या मतें तो चुकीचा. पोथीच्या संपादनांत आपण अपपाठ खोडून टाकीत नाहीं. शुद्ध पाठ वर घेतों व अपपाठ तळटीपेंत ठेवतों, कारण अपपाठहि पोथीच्या प्रवासाचा पुरावा असतो. तोच न्याय येथें लावावा. जन्माचें नांव व वागविलेलें नांव, दोन्ही लिहावीत, आणि एकाचें दुसरें केव्हां झालें तें लिहावें.

[ ५ ]

या कथेचा उत्तरार्ध खेदकारक आहे. १९४१ च्या डिसेंबरांत उभय राष्ट्रांत युद्ध पेटलें. अमेरिकेंतील जपानी बाहुल्या बहुतेक ठिकाणीं दृष्टीआड करून कोठारांत ठेवण्यांत आल्या. जपानांत गोष्ट अधिक थरास गेली. १९४३ च्या फेब्रुवारींत वृत्तपत्रांतून या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या म्हणजे मैत्रीचा मुखवटा घातलेले शत्रूचे दूत आहेत असा प्रचार झाला. आओमोरी प्रांतांतील एका शाळेंत तर बाहुलीचें काय करावें हें मुलांसच विचारण्यांत आलें, आणि पुष्कळांनीं जाळा, मोडा असें सांगितलें. ज्या मुलांची मैत्री व्हावी म्हणून बाहुली आली त्यांच्या धाकट्या भावंडांकडून हें उत्तर मिळालें. बहुतेक बाहुल्या जाळल्या गेल्या, कांहीं बांबूच्या भाल्यांनीं भोंसकल्या गेल्या.

तरीहि सर्व गेल्या नाहींत. कांहीं शिक्षकांनीं हुकूम मोडून बाहुली माळ्यावर, फडताळाच्या मागें, अडगळींत लपविली आणि कोणाजवळ शब्द काढला नाहीं. १९७३ सालीं जपानी दूरचित्रवाणीवर अशा एका बाहुलीची हकीकत आली, तेव्हां ठिकठिकाणचे लोक आपापल्या शाळांचे माळे धुंडूं लागले. आजवर तीनशेंहून अधिक बाहुल्या सांपडल्या आहेत, म्हणजे चाळिसांत एक. तिकडे अमेरिकेंत ५८ पैकीं चाळिसांहून अधिक बाहुल्यांचा ठिकाणा लागला असून कित्येक डागडुजीसाठीं माहेरीं जाऊन आल्या. १९८० नंतरच्या दशकांत ग्युलिक यांच्या नातवानें जपानी शाळांस पुन्हां बाहुल्या पाठविण्यास आरंभ केला.

सांपडलेल्या बाहुल्यांपैकीं कांहींजवळ पासपोर्ट आहे, कांहींजवळ नुसती पेटी, आणि कांहींजवळ कांहींच नाहीं. जिच्याजवळ कागद आहे तिचें नांव, तिचें मूळ गांव व तिला पाठविणारीं मुलें यांचा माग काढतां येतो. जिच्याजवळ नाहीं तिच्या पुढें दोनच वाटा : शाळेच्या रोजनिशींत तिच्या आगमनाची नोंद शोधणें, नाहींतर वृद्धांच्या आठवणी. येथें एक विपरीत गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९२७ सालीं जो कागद बाहुलीचा सन्मान होता तोच १९४३ सालीं तिच्यावरील आरोपाचा पुरावा झाला. बाहुली कपडे बदलून खपली असती. पासपोर्ट खपला नसता. ज्यांनीं तो कागदहि बाहुलीबरोबर लपविला त्यांनीं अधिक धोका पत्करला, आणि इतिहासाची अधिक सेवा केली.

[ ६ ]

ज्या बाहुलीचा कागद मुळींच गेला तिच्याविषयीं अंतर्गत पुराव्यावरून काय ठरवितां येतें, तें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेच्या १८९० च्या जकातीच्या कायद्यान्वयें परदेशी मालावर मूळ देशाचें नांव इंग्रजींत घालणें सक्तीचें झालें. म्हणून देशाचा छाप असलेली बाहुली बहुधा १८९१ नंतरची. छाप नसणें हा मात्र प्राचीनतेचा पुरावा नव्हे, कारण सर्वच माल अमेरिकेस जात नव्हता व चिठ्ठ्या गळून पडतात. जपानी मालावर ‘निप्पॉन’ असेल तर तो सामान्यतः १९२१ च्या अलीकडचा नाहीं, कारण त्या सालापासून अमेरिकेच्या जकात खात्यानें ‘जपान’ याच शब्दाचा आग्रह धरला. ‘व्याप्त जपान’ या अर्थाचा इंग्रजी छाप महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या, थोड्या वर्षांचाच आहे. रेशीम उभे चिरत गेलेलें दिसल्यास तें विजोड म्हणून फेकूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रेशमास वजन यावें म्हणून कथलाचे क्षार पाजीत, त्याचा तो परिणाम असूं शकतो व कालनिर्णयास उपयोगी पडतो. सेल्युलॉइडची बाहुली मात्र पोथ्यांच्या कपाटांत कधींहि ठेवूं नये. ती चटकन् पेट घेते, आणि कुजूं लागली म्हणजे तिच्यांतून निघणारी आम्ल वाफ शेजारच्या कागदास व धातूस खाते.

पोषाखाच्या पुराव्याविषयींहि सावधगिरी हवी. बाहुलीचा पोषाख म्हणजे त्या देशांतील लोक काय नेसत याची साक्ष, असें सरसकट धरणें चूक आहे. १९२७ च्या ५८ बाहुल्या सर्व किमोनोंत होत्या. परंतु त्याच सुमारास जपानांतील मुलींच्या शाळांत खलाशी पद्धतीच्या पाश्चात्य गणवेशाचा प्रसार चालू होता. बाहुली दाखविते तें राष्ट्र स्वतःस परक्यांपुढें कसें मांडूं इच्छितें तें. प्रवाशांस विकण्यासाठीं केलेल्या बाहुल्यांच्या बाबतींत तर हें अधिकच खरें.

[ ७ ]

आपल्या देशांत या प्रकारचा सर्वांत मोठा संग्रह दिल्लीस आहे. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनीं १९६५ सालीं स्थापिलेल्या या संग्रहालयांत सुमारें ८५ देशांच्या ६,५०० बाहुल्या आहेत. त्यास जोडून एक कारखाना काढून तेथें प्रांतोप्रांतींचे पोषाख व दागिने यांचा अभ्यास करून भारतीय बाहुल्या बनविल्या गेल्या व परदेशी बाहुल्यांच्या मोबदल्यांत पाठविल्या गेल्या. म्हणजे एखादी महाराष्ट्रीय नववधू आज दूरच्या एखाद्या देशांत कांचेआड उभी असेल; तिची नऊवारी, नथ व मुंडावळ्या यांवरून तेथील लोक आपली पारख करीत असतील; आणि तिच्या बैठकीवरची पाटी बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यास तेथें कोणी मराठी जाणणारा नसेल.

सबब खाजगी संग्राहकांस आमची पुढील विनंती आहे :

(१) बाहुली हातीं येतांच, झटकण्यापूर्वीं, आहे त्या स्थितींत तिचें पुढून, मागून व कपड्यांच्या आंतून छायाचित्र घ्यावें.

(२) चिठ्ठी, पेटी, पावती, बांधलेली दोरी यांपैकीं कांहीं टाकूं नये. सर्वांस एकच क्रमांक द्यावा, व तो क्रमांक बैठकीवर न घालतां बाहुलीच्या अंगास सुती फितीनें बांधावा.

(३) विकणारा किंवा देणारा जें सांगेल तें सांगणाराचें नांव व तारीख घालून वहींत लिहावें. तें खरें कीं खोटें हा विचार नंतर.

(४) जीर्ण पोषाख बदलून नवा चढवूं नये. नव्या पोषाखाची जुनी बाहुली म्हणजे मागाहून अक्षरें गिरवलेला ताम्रपट होय.

(५) चुकीचें नांव पुसूं नये. त्याशेजारीं खरें लिहावें.

शेवटीं एक गोष्ट घरची. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं चैत्रगौरीच्या आरासीचें सामान एका जुन्या ट्रंकेंत असतें, आणि त्यांत आजीनें किंवा पणजीनें चिंध्यांचीं लुगडीं नेसविलेल्या दोनचार बाहुल्या निघतात. त्या कोणीं केल्या हें सांगणारें माणूस बहुधा घरांत एकच उरलेलें असतें, आणि तेंहि वयानें थकलेलें. जपानांतील शिक्षकांनीं जिवाच्या धास्तीनें जें जपलें तें जपण्यास आपणांस एक कागद, एक टांक व एक दुपार पुरेशी आहे. येत्या चैत्रांत ट्रंक उघडाल तेव्हां त्या माणसास जवळ बसवून घ्या, बाहुली कोणाची, कोणीं नेसविली व केव्हां, हें विचारा, आणि सांगितलेलें त्याच दिवशीं लिहून त्याच ट्रंकेंत ठेवा.